लाल जमिनीवर वाढलेली मुलं

(पडद्यावर: कृष्णधवल छायाचित्र. बैठं, सपाट छपराचं लाकूड-विटांचं घर. समोर बर्फ.)

साल १९३६. अमेरिकेत महामंदीचा तडाखा अजून पुरता ओसरला नव्हता. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात हर्बर्ट जेकब्स हे तरुण पत्रकार, त्यांच्या पत्नी कॅथरिन आणि लहानगी मुलगी असं तिघांचं बिऱ्हाड होतं. स्वतःचं घर हवं होतं, पण पदरी पैसा बेताचाच. तरीही हे जोडपं थेट नामवंत आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राईट यांच्यापुढे जाऊन उभं राहिलं. म्हणालं, पाच हजार डॉलरमध्ये नीटनेटकं घर बांधून दाखवाल का?

राईट तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. मोठमोठ्या धनिकांची घरं त्यांनी बांधली होती. ते हो म्हणाले. १९३७ मध्ये घर उभं राहिलं, खर्च आला साडेपाच हजार डॉलर. आर्किटेक्टची साडेचारशे डॉलर फीसुद्धा त्यातच. मध्यमवर्गीयांसाठीच्या अशा घरांना राईट ‘युसोनियन’ म्हणत. १९५९ मध्ये ते गेले, तोवर अशी साठेक घरं देशभर बांधली गेली होती.

वास्तुकलेच्या पुस्तकांत या घरांवर पानंच्या पानं आहेत. त्यांत छपराची रेषा असते, खिडक्यांचं प्रमाण असतं. मुलं कुठे अभ्यास करायची, पावसात भांडी कुठे ठेवावी लागायची, हे मात्र क्वचितच असतं. आपण आज तिकडेच बघणार आहोत.

(पडद्यावर: लाल जमीन, तिच्यावर आखलेल्या रेषा.)

आधी जमीन बघू. जेकब्स यांच्या घरात काँक्रीटचीच जमीन आहे, विटकरी लाल रंगाची. तिच्यावर दोन फूट बाय चार फुटांचे चौकोन आखलेले आहेत. अख्खं घर याच चौकोनांवर बेतलेलं. भिंत कुठे येणार, दार कुठे, सगळं त्या रेषा ठरवतात. आणि या काँक्रीटखाली गरम पाईप अंथरलेले आहेत. विस्कॉन्सिनचा हिवाळा म्हणजे पारा शून्याच्या कितीतरी खाली. अशा मुलखात पायाखालची जमीनच ऊबदार असेल, तर लहान मूल बसणार कुठे? जमिनीवरच. चित्रं काढणं, पुस्तक वाचणं, भांडणं, पेंगणं, सगळं तिथेच. या घरांत वाढलेल्या मुलांच्या आठवणी बहुधा जमिनीच्या पातळीवरून पाहिलेल्या आहेत, आणि मला वाटतं, छायाचित्रकारांपेक्षा त्यांनीच घर जास्त नीट पाहिलं.

घराचा आकार इंग्रजी ‘एल’सारखा. एका बाजूला मोठी बैठकीची खोली, दुसऱ्या बाजूला झोपायच्या खोल्या, आणि दोन्ही बाजू मिळतात तिथे स्वयंपाकघर. एरवी तेव्हाच्या घरांत ते मागच्या अंगाला ढकललेलं असायचं, राईट यांनी ते घराच्या मध्यावर आणलं. काम करता करता आईचं लक्ष मुलांवरही राहणार आणि आल्यागेल्यावरही. रस्त्याच्या बाजूला जवळजवळ बंद भिंत, उजेडापुरत्या वर उंचावर खिडक्या. बागेकडची बाजू मात्र पुरुषभर उंचीच्या काचेच्या दारांची.

झोपायच्या खोल्या लहान. माळा नाही. तळघर म्हणावं तर बॉयलरपुरतं. मोटारीला बंद गॅरेजऐवजी नुसतं छप्पर. अडगळ साठवायला जागा ठेवली की माणूस अडगळ साठवतो, असं राईट यांचं मत. ज्यांना रोज कपड्यांच्या घड्या आणि मुलांची खेळणी आवरायची असतात, त्यांना हे मत महागात पडतं. पण खोलीत मावत नाही म्हणून घरातले सगळे बाहेर, एकाच मोठ्या दालनात येऊन बसायचे, हेही खरंच.

घर बघायला लोकांची रीघ लागली. इतकी, की जेकब्स दांपत्यानं माणशी पन्नास सेंट घ्यायला सुरुवात केली.

(पडद्यावर: अलाबामा. घराच्या जुन्या आणि नव्या भागाचा आराखडा.)

अलाबामा राज्यातल्या फ्लोरेन्स गावी स्टॅन्ली आणि मिल्ड्रेड रोझेनबाम यांचं घर १९३९-४० मध्ये बांधलं गेलं. साधारण दीड हजार चौरस फूट, नव्या जोडप्याला पुष्कळ. मग एकामागोमाग चार मुलगे झाले. नकाशा कितीही देखणा असो, चार पोरांपुढे तो टिकायचा कसा? १९४८ मध्ये त्यांनी पुन्हा राईट यांनाच गाठलं आणि घर वाढवून घेतलं. मोठं स्वयंपाकघर आणि मुलांसाठी एकत्र झोपायची खोली मिळाली.

आणि छप्पर गळायचं. हे झाकण्यात अर्थ नाही. सपाट छपराची ही घरं गळण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत, रोझेनबाम यांचं घरही त्याला अपवाद नव्हतं. तरी मिल्ड्रेड तिथे १९९९पर्यंत राहिल्या. तिथेच माग लावून विणकाम करत राहिल्या, येणाऱ्या पाहुण्यांना स्वतः घर दाखवत राहिल्या. गळकं घर साठ वर्षं कोणी निव्वळ कलाप्रेमापोटी सोसत नाही. ते त्यांचं घर होतं, बस्स. पुढे नगरपालिकेनं ते विकत घेऊन दुरुस्त केलं.

व्हर्जिनियातले लॉरेन पोप आठवड्याला पन्नास डॉलर कमावणारे वृत्तपत्रातले नोकरदार. १९३९ मध्ये त्यांनी राईट यांना पत्र लिहून घर मागितलं आणि त्यांना बाराशे चौरस फुटांचं घर मिळालं. १९४६ मध्ये ते त्यांनी लेही दांपत्याला विकलं. १९६४ मध्ये महामार्गाच्या आखणीत घर पाडायची वेळ आली. मार्जोरी लेही यांच्या पतीचं निधन होऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी घर राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. फळ्या, विटा सुट्या करून ते अलेक्झांड्रियाजवळ नेऊन पुन्हा उभं केलं गेलं. मार्जोरी त्या नव्या जागी परत राहायला आल्या आणि १९८३ मध्ये मरेपर्यंत तिथे राहिल्या.

(पडद्यावर: मुलाच्या हस्ताक्षरातलं पत्र, मग एक छोटा त्रिकोणी आराखडा.)

आता कॅलिफोर्निया. सॅन अँसेल्मोत बर्जर कुटुंबाचं घर राईट यांनी आखून दिलं होतं, बांधत होते स्वतः वडील, रॉबर्ट बर्जर. वर्षानुवर्षं ते काम चाललं. १९५६ मध्ये त्यांच्या बारा वर्षांच्या मुलानं, जिमनं, राईट यांना पत्र लिहिलं. एडी या आपल्या कुत्र्यासाठी घर हवंय, आमच्या घराला शोभेलसं. पैसे वर्तमानपत्रं टाकून मिळवीन. राईट यांनी कळवलं, सध्या फार कामात आहे, नोव्हेंबरमध्ये पुन्हा लिही. जिमनं एक नोव्हेंबरलाच पत्र लिहिलं! त्याला पूर्ण आराखडा मिळाला, फुकट. ते छोटं घर पुढे बांधलं गेलं, त्याचंही छप्पर गळायचं, आणि शेवटी आईनं ते कचऱ्यात काढलं. २०१० मध्ये जिम आणि त्याच्या भावानं मूळ आराखड्यावरून ते पुन्हा बांधलं. आज ते मरिन काउंटीच्या ताब्यात आहे.

मोठ्या आर्किटेक्टला मुलानं अशा हक्कानं पत्र लिहावं, हे त्या घरात सगळ्यांचे हात लागत होते म्हणून सुचलं असावं. वडील दगड रचताना तो रोज बघत होता.

जेकब्स कुटुंबाचंही तसंच. तीन मुलं झाल्यावर त्यांनी शहराबाहेर राईट यांच्याकडूनच दुसरं घर आखून घेतलं. दक्षिणेला अर्धवर्तुळाकार काचेची भिंत, उत्तरेला मातीचा बांध, म्हणजे हिवाळ्यातलं ऊन आत आणि वारा बाहेर. १९४८ मध्ये काम अपुरं असतानाच सगळे राहायला गेले. बरंचसं बांधकाम नवरा-बायकोनं हातानं केलं.

राईट यांचे आराखडे आणि पत्रं २०१२ पासून कोलंबिया विद्यापीठ आणि न्यूयॉर्कचं आधुनिक कला संग्रहालय मिळून सांभाळतात. तो कागद सुरक्षित आहे. या घरांत वाढलेली मुलं मात्र आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, काही त्याही पलीकडे. हिवाळ्यात कुठल्या चौकोनावर बसायचात, पाणी नेमकं कुठून गळायचं, खेळणी कुठे लपवायचात, हे त्यांना आत्ताच, त्यांच्या आवाजात विचारून घ्यायला हवं.