चाबकाला लायलॅकची फांदी

(कृष्णधवल छायाचित्र. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

मे १८८२. स्वित्झर्लंडमधलं लुसर्न, ज्यूल बोनेचा फोटो स्टुडिओ. मागे आल्प्सचा डोंगर दिसतोय, तो पडद्यावर रंगवलेला. गाडीत बसलेली ही २१ वर्षांची मुलगी सेंट पीटर्सबर्गची लू सालोमे. आणि बैलांच्या जागी दोन तत्त्वज्ञ: पाउल रे आणि फ्रीडरिश नीत्शे. दोघांनीही तिला मागणी घातलेली, तिने दोघांनाही नाही म्हटलेलं.

(गाडी. दोरी. चाबूक.)

ही सगळी मांडामांड नीत्शेची. लूनेच आठवणींत लिहून ठेवलंय. रेला फोटो काढून घेण्याचा भारी तिटकारा, तो नको नको म्हणत होता. नीत्शे ऐकतोय कुठला! गाडी आली, ती जरा लहानच निघाली. चाबकावर तर लायलॅकच्या फुलांची फांदीसुद्धा लागली. हौस सगळी त्याची. पण चाबूक लोकांनी कायमचा तिच्या हातात ठेवला.

(चित्रपटाचं पोस्टर.)

१९७७ साली इटालियन दिग्दर्शिका लिलियाना कावानीने या तिघांवर चित्रपट काढला. नाव नीत्शेच्याच पुस्तकाचं, 'बियाँड गुड अँड इव्हिल'. डॉमिनिक सांदा लू झाली, रॉबर्ट पॉवेल रे. नीत्शे झाला एर्लांड योसेफसन, पन्नाशी ओलांडलेला. खरा नीत्शे फोटोच्या वेळी होता ३७ वर्षांचा.

(रिकामी खोली, खिडकीतून ऊन.)

लूला मुळात हवं होतं ते एक घर. तिला ते स्वप्नातच दिसलं होतं: मधे पुस्तकांनी आणि फुलांनी भरलेली अभ्यासाची खोली, दोन्ही बाजूंना एकेक झोपायची खोली. आधी रेबरोबर, मग नीत्शेही आला, म्हणून तिघांचं. बिनलग्नाचं, एकत्र अभ्यासाचं. चित्रपट रमतो तो झोपायच्या खोल्यांत. आम्ही मधल्या खोलीत थांबतो.

(जंगलातली पायवाट.)

ऑगस्टमध्ये टाउटेनबुर्ग गावी लू आणि नीत्शे तीन आठवडे बोलत राहिले. सोबतीला त्याची बहीण एलिझाबेथ. तिला लू डोळ्यांसमोर नको होती. वर्ष संपेपर्यंत घर नाही, त्रिकूट नाही. जानेवारीत नीत्शे रापालोला 'झरतुष्ट्र' लिहायला बसला.

(जुन्या पुस्तकाचं शीर्षकपान.)

१८९४. नीत्शे नाउंबुर्गला आईच्या घरी, मानसिक आजाराने भान हरपलेला. त्याच्या लेखनावर हे पुस्तक त्याच वर्षी आलं, अगदी सुरुवातीच्या ग्रंथांपैकी एक. लेखिका, लू आंद्रेआस-सालोमे.