हुकूम कुठवर?

नमाज-रोज्यासारखे अल्लाहचे हुकूम माणसावर कुठवर लागू असतात, मेल्यावरही का? हे कोल्हापूरच्या बागल चौकातलं कब्रस्तान. सकाळपासनं कबर खणायचं काम चाललंय, या खणणाऱ्यांचा हात बघा, कुदळीचा एक घाव वाया जात नाही. मय्यतीचं तोंड किब्ल्याकडं, म्हणजे मक्केतल्या काबाच्या दिशेला राहिलं पाहिजे, आपल्याकडनं ती पश्चिम, म्हणून कबर उत्तर-दक्षिण काढतात. त्याआधी घरी गुस्ल, म्हणजे अंघोळ द्यायची, कापूर लावायचा, पुरुषाला कफनाचे ३ कपडे, बाईला ५, मग जनाज्याची नमाज, आणि दफन झालं की प्रत्येकानं ३ मुठी माती द्यायची. आता हे सगळं कुणी करायचं? जिवंत माणसांनी. जो आत झोपला त्याच्यावर नमाज, रोजा, जकात (गरिबांसाठीचं सक्तीचं दान) काहीच फर्ज, म्हणजे बंधनकारक राहिलं नाही.

उलमा, म्हणजे धर्माचे जाणकार सांगतात, दुनिया ही अमल, म्हणजे कर्मं करायची जागा आणि आखिरत, म्हणजे मेल्यानंतरचं जग, ही त्याचं फळ मिळायची. मग जन्नतमध्ये हराम-हलालचं काय, हे पोरं हमखास विचारतात. कुराणात सूरह मुहम्मदमध्ये जन्नतच्या नद्या आल्यात, पाण्याची, दुधाची, मधाची आणि चक्क शराबची पण! पण सूरह वाकिआ सांगते की त्या शराबनं डोकं दुखत नाही, शुद्ध हरपत नाही, म्हणजे नशेचा दोषच तिथं नाही. हे गुजरीतलं, आपल्या सराफ बाजारातलं सोनं बघा, इथं पुरुषाला सोनं नि रेशीम दोन्ही मना, आणि तिथं जन्नतवाल्यांना सोन्याचे कंगन, रेशमी कपडे. तस्बीह, म्हणजे अल्लाहचं गुणगान, मात्र तिथंही चालूच असते, हुकूम म्हणून नाही, हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत आलंय की श्वास चालतो तशी ती आपोआप चालेल. पण मेल्यावर हुकूम संपले म्हणून सुटका नाही, इथं जाणूनबुजून सोडलेल्या नमाजेचा हिशोब द्यावा लागतोच, जहन्नमही आहे.

सहीह मुस्लिममधली हदीस आहे, माणूस मेला की त्याचे अमल थांबतात, फक्त ३ सोडून: सदका-ए-जारिया (ज्याचा फायदा पुढंही चालू राहतो असं दान), लोकांच्या उपयोगी पडणारं इल्म, म्हणजे ज्ञान, आणि दुआ करणारी नेक औलाद.

आणि हे दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग. १९०६ साली शाहू महाराजांच्या पुढाकारानं सुरू झालं, खेड्यापाड्यातल्या पोरांना शहरात राहून शिकता यावं म्हणून, आणि तेव्हापासनं समाजातल्या ज्या ज्या माणसांनी अशा कामात आपली कमाई घातली त्यातले कितीतरी आज कबरीत आहेत, पण त्यांचं पुण्याचं खातं अजून बंद झालेलं नाही. बोअर मारून द्या, कुणाची फी भरा, चार पुस्तकं आणून द्या, जे जमेल ते, पण हात चालतायत तोवर.