‘डिप’ लिहिण्याआधी

मंडळी, इंग्रजी बिझनेस रिपोर्टमध्ये आकडा खाली आला की नुसतं ‘खाली आला’ लिहून कुणाचं समाधान होत नाही. शेअर अर्धा-पाऊण टक्का उतरला तर ‘स्लिप्ड’, ‘ईज्ड’, ‘एज्ड लोअर’. दणकून आपटला तर ‘टंबल्ड’, ‘प्लंज्ड’. ही क्रियापदं किती पडलं तेवढंच सांगतात, दोन-चार दिवस पेपरचं अर्थपान वाचलंत की जमतात. खरा घोळ नामांचा आहे. ‘डिप’, ‘ब्लिप’, ‘हिकप’ म्हटलं की घसरण छोटी आहे एवढ्यावर थांबत नाही, ती भरून निघणार हेही त्यात आलंच. म्हणजे आजच्या आकड्याबरोबर तुम्ही उद्याचं भाकीतही सही करून देता.

४ जून २०२४. लोकसभेचे निकाल लागत होते आणि सेन्सेक्स एका दिवसात जवळजवळ ४,३९० अंकांनी, म्हणजे पावणेसहा टक्क्यांच्या आसपास, कोसळला. त्या संध्याकाळी ‘डिप’ लिहिणारा छातीचाच म्हणायचा! ७ जूनला निर्देशांक नव्या उच्चांकावर बंद झाला, तेव्हा कुठे तो शब्द शोभला. उलट २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, वाढत्या महागाईला ‘ट्रान्झिटरी’, म्हणजे तात्पुरती, म्हटलं. नोव्हेंबर संपता संपता फेडचे तेव्हाचे अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी सिनेटच्या समितीपुढे तो शब्द आता निवृत्त करू या, असं सांगितलं. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर होती.

‘करेक्शन’ला निदान मोजमाप आहे: अलीकडच्या उच्चांकापासून १० टक्के खाली. २० टक्के झाले की ‘बेअर मार्केट’. तरी शब्द मोठा साळसूद. जणू आधीचा भावच चुकला होता! सरकारांनाही असे शब्द जपावे लागतात. १९७८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांचे सल्लागार आल्फ्रेड कान मंदीबद्दल उघड बोलले, व्हाइट हाउसने कान उपटले. तेव्हापासून ते मंदीला ‘बनाना’ म्हणू लागले.

तुमच्या मासिक रिपोर्टकडे या. समजा, मिठाईच्या दुकानाची नोव्हेंबर २०२४ ची विक्री आदल्या नोव्हेंबरपेक्षा कमी आहे. २०२३ ची धनत्रयोदशी १० नोव्हेंबरला होती, २०२४ ची २९ ऑक्टोबरला. खरेदी बरीचशी ऑक्टोबरातच उरकली. इथे ‘डिप’ खुशाल लिहा, कारण पुढच्याच शब्दांत ‘ड्यू टु अ‍ॅन अर्लियर दिवाली’ असं कारण देता येतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र धरूनही आकडा कमीच निघाला, तर मात्र दिवाळीवर ढकलू नका.

कारण हाताशी नसेल तेव्हा साधं ‘डिक्लाइन्ड’ लिहा, टक्का द्या, कोणत्या काळाशी तुलना केली ते सांगा. साहेब ‘जरा सॉफ्ट करा’ म्हणतीलच. फार तर ‘ईज्ड’पर्यंत या, तेही आकडा खरोखर किरकोळ असेल तर. ‘ब्लिप’ पुढच्या तिमाहीचे आकडे आल्यावर बघू.