करपलेली लापशी आणि अमर आत्मा: 'जेन एअर'मधला धर्म

"नरकात पडायचं नसेल, तर काय करशील?" लोवुडची शाळा चालवणारा पाद्री ब्रॉकलहर्स्ट दहा वर्षांच्या अनाथ जेनला दरडावतो. पोर म्हणते, "तब्येत सांभाळीन आणि मरणारच नाही."

ऑक्टोबर १८४७. 'क्युरर बेल' या टोपणनावानं लंडनला ही कादंबरी तीन खंडांत निघाली. लेखिका शार्लट ब्राँटी, यॉर्कशायरमधल्या हॉवर्थच्या पाद्र्यांची मुलगी. धर्म बोलतो काय, यापेक्षा तो उपाशी माणसाशी वागतो कसा, इकडे तिचं बारीक लक्ष आहे.

लोवुडच्या शाळेत लापशी करपते, म्हणून मुलींना ब्रेड आणि चीज मिळतं. ब्रॉकलहर्स्ट संतापतो: देह पोसता, अमर आत्मे उपाशी ठेवता! मुलींचे केस कापायचा हुकूम तो देतोय, तेवढ्यात त्याची बायको आणि मुली मखमल-रेशमात आत येतात. पुढे टायफस येतो. ८० पैकी ४५ मुली एकाच वेळी आजारी, कारण अर्धपोटी शरीरं तग धरत नाहीत. जेनची मैत्रीण हेलन बर्न्स मात्र क्षयानं जाते. वाचणारे इथे हमखास गल्लत करतात. मरणाच्या दारात ती शांत असते. जेन विचारते, "देव कुठे आहे? देव म्हणजे काय?" हेलनच्या उत्तरानं तिचं समाधान होत नाही.

खरी गाठ २४व्या प्रकरणाच्या शेवटी. मोठी झालेली जेन ज्याच्या घरी शिक्षिका आहे आणि ज्याच्याशी तिचं लग्न ठरलंय, तो रॉचेस्टर आपल्या आणि देवाच्या मध्ये ग्रहणासारखा आला, आपण माणसाचीच मूर्ती मांडली, अशी ती कबुली देते. त्याची पहिली बायको जिवंत आहे हे कळतं, लग्न मोडतं, ती पळते. माळरानावर आकाशगंगेखाली ती प्रार्थना करते, तीही रॉचेस्टरसाठी. मग भूक. डुकरापुढे टाकायची थंडगार लापशी ती मागून खाते.

तिला आसरा देतो तरुण पाद्री सिंजन रिव्हर्स. तो तिला हिंदुस्तानी शिकवतो, मिशनरी कामासाठी लग्नाची मागणी घालतो. नकार म्हणजे देवाला नकार, असं बजावतो. ती म्हणते: बहीण म्हणून येईन, बायको म्हणून नाही. ब्रॉकलहर्स्टला झिडकारणं सोपं होतं. हा माणूस प्रामाणिक आहे, म्हणून जास्त धोक्याचा.

डिसेंबर १८४८च्या 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या नियतकालिकात समीक्षक एलिझाबेथ रिग्बीनं कादंबरीला ख्रिस्तविरोधी ठरवलं. तिनं शेवटचं पान पुन्हा वाचायला हवं होतं. तिथे जेन नाही, रॉचेस्टर नाही. हिंदुस्थानात पंथ आणि जातीचे पूर्वग्रह तोडत, मरणाची वाट पाहणारा सिंजन आहे, आणि त्याच्या पत्रातली ओळ: "आमेन; ये, प्रभू येशू."