गाडी बदलावी लागली, डीपीमुळे

मंडळी, नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज नोकरीसाठी वर्ध्याला जातो. जाऊन-येऊन ११० किलोमीटर पडतात. तीन वर्षं हा रस्ता इलेक्ट्रिक गाडीनं केला आणि गेल्या दिवाळीत ती विकून हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी घेतली. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "काय सर, बॅटरी बसली का?" नाही हो. गाडीत काडीचाही दोष नव्हता. ती मला आजही आवडते, म्हणूनच हे नीट सांगायचं आहे.

मे महिन्यातली रात्र आठवा. दिवसभर पारा ४५च्या आसपास, नऊ वाजता घरोघरी कूलर सुरू, आणि सगळा भार एका डीपीवर, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर. व्होल्टेज १७०वर आलं की पंख्याची पाती मोजता येतात आणि चार्जरचा लाल दिवा लागतो. त्यात अर्थिंग, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत सोडणारी, खड्ड्यात पुरलेली तार. चार्जर आधी अर्थिंग तपासतो, ती ठीक नसेल तर वीज पुढे सोडत नाही. ते योग्यच आहे, माणसाचा जीव वाचतो त्यानं. पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. वायरमन म्हणाला, "सर, अर्थिंग वाळली जी. दोन बादल्या पाणी टाका." मग रात्री अकराला मी टॉर्च धरायचा, हिनं बादली ओतायची. माती बुडबुडे काढत पाणी प्यायची आणि आम्ही दोघं दिव्याकडे बघत उभे. हिरवा झाला की झोपायचं. आठवड्यातून तीनदा हे व्हायचं.

१५ अँपिअरच्या सॉकेटवर ३० युनिटची बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. रात्रीतून दोनदा लाइन गेली की सकाळी अर्धीच भरलेली. उन्हात एसी लावून एका युनिटला सहा-सात किलोमीटर मिळतात, म्हणजे अर्ध्या बॅटरीत परत घर गाठणं होत नाही. नोकरीच्या ठिकाणी गाड्यांच्या शेडमध्ये एक सॉकेट मागितलं होतं, ते मिळालं नाही. छतावर सोलर लावा, असंही लोक सुचवतात. पण दिवसा ऊन असतं तेव्हा गाडी वर्ध्यात असते, आणि रात्री वीज घ्यायची ती त्याच तारेवरून.

याचं मला वाईट वाटतं. चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॅटचं, कोराडीचं वीज केंद्रही आपल्या विदर्भातलंच. कोळसा आपला, राख आपल्या अंगणात, आणि रात्री नऊला कूलर आपलेच गपगार.

आता हायब्रिड. हिला प्लग नाही. बॅटरी एका युनिटपेक्षाही लहान, पाऊण युनिटची. ब्रेक दाबला की मोटर उलटी जनित्र होते आणि बॅटरी भरते, उरलेलं इंजिन भरतं. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर ऐंशीनं जाताना फायदा कमी. खरा फायदा गावागावांतल्या गतिरोधकांवर आणि वर्ध्यातल्या गर्दीत. तिथे इंजिन बंद राहतं, तरी एसी चालतो, कारण त्याचा कॉम्प्रेसरही विजेवर आहे. मला लिटरला बावीस-तेवीस मिळतात. खर्च मात्र वाढला. विजेची वरच्या स्लॅबची बिलं धरूनही तो दुपटीच्या आसपास गेला आहे. हे लपवून मी कोणाला हायब्रिड घ्या म्हणणार नाही.

घेणार असाल तर एक बघा. नुसतं नाव हायब्रिड असलेल्या काही गाड्यांत मोटर फक्त इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. शोरूममध्ये विचारा, इंजिन बंद ठेवून गाडी चालते का? आणि माझ्या गाडीत बॅटरीला हवा देणारी जाळी मागच्या सीटजवळ आहे. कापसाच्या दिवसांत ती रुईनं भरते, दर पंधरवड्याला पुसावी लागते.

घरचं ते सॉकेट मी काढलेलं नाही. आमच्या गल्लीला वेगळी डीपी मिळावी म्हणून अर्ज तयार केला आहे, तो इथे टेबलावर आहे. आमच्या गल्लीतले जे आले असतील त्यांनी जाताना सही करून जा.