पायांनी हाकायची होडी

श्रोतेहो, नमस्कार.

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत ला होया शोअर्स नावाचा किनारा आहे. उन्हाळ्यात पहाटे तिथे गेलात तर कपाळाला दिवे बांधलेली दहा-बारा माणसं चाकांवर ठेवलेल्या लांबट होड्या वाळूतून ओढताना दिसतील. त्यांत एक मी असते. मूळची मालवणची, वय बावन्न, उंची पाच फूट दोन इंच. उंची मुद्दाम सांगतेय, तिचं काम पुढे आहे.

या होड्या म्हणजे कयाक. पण आमच्या कयाक वल्ह्याने नाही, पायांनी चालतात. खुर्चीत टेकून बसायचं, समोरचे दोन पेडल मारायचे, हात मोकळे. गळ टाकायला हात मोकळे हवेत, सगळी गंमत तिथेच आहे. माझ्या आजोबांच्या उलांडीच्या होडीत एकाने वल्हवायचं आणि दुसऱ्याने गरी सोडायची. इथे एकट्या माणसाला दोन्ही कामं जमतात.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, तळ्यावर पण चालेल आणि समुद्रात पण, अशी एकच कयाक कुठली घेऊ?" तासभर बोललो आम्ही. तेच आज तुम्हाला सांगते. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. एकच घ्यायची असेल तर समुद्राच्या हिशेबाने घ्या. समुद्राची होडी तळ्यावर थोडी गैरसोयीची होते, इतकंच. तळ्याची होडी समुद्रावर नेली तर काय होतं ते मी करून बसलेय.

माझी पहिली कयाक जुनी, कुणाकडून तरी घेतलेली. दहा फूट लांब, जवळजवळ मीटरभर रुंद, खाली पेडलने फिरणारा पंखा. लोअर ओटाय तलावावर तिच्यासारखी सोय नाही. हा तलाव सॅन डिएगोच्या पिण्याच्या पाण्याचा, आणि बास माशासाठी प्रसिद्ध. काठाला लव्हाळ्यांसारखी दाट वाढ, बास तिच्यात दडून बसतो. त्या रुंद होडीत मी उभी राहून गळ फेकायची, चहा प्यायची, एकदा तर उभ्याउभ्या फोनवर आईशी बोलले. वाटलं, हिच्यावर काय, दर्यावरसुद्धा चहा पिता येईल.

सप्टेंबरातल्या एका रविवारी तिला ला होयाला नेली. जाताना दर्या तेलासारखा. दुपारी पश्चिमेचा वारा उठला आणि लाट आडवी यायला लागली. रुंद, सपाट बुडाची होडी तळ्यावर हलत नाही, कारण ती पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. पण समुद्रात तो पृष्ठभागच तिरपा होतो, मग होडीही त्याच्यासोबत तिरपी होते. अरुंद आणि थोड्या गोलसर बुडाची होडी सुरुवातीला डुगडुगते, नवख्या माणसाला भीती वाटते, पण लाट तिच्या खालून निघून जाते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

किनाऱ्याशी पोचले तेव्हा पाय थकलेले, डोकं बधिर. पंखा वर उचलायचा राहिला. शेवटच्या लाटेवर पंखा वाळूत रुतला, होडी गर्रकन आडवी फिरली आणि मी पाण्यात. एक गळ, चष्मा आणि डब्यातले दोन पराठे दर्याला अर्पण. होडी मात्र उलटी पडली तेव्हा मला सरळ करता येईना. हीच दुसरी गोष्ट, रुंद होडी उलटायला जड आणि उलटली की सरळ करायला त्याहून जड. ते कमरेएवढ्या पाण्यात झालं म्हणून दोन पोरं धावत आली. आत मैलभरावर झालं असतं तर?

म्हणून समुद्रासाठी बघताना लांबी बघा, साडेबारा-तेरा फुटांच्या आसपास. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, जरा उचललेली हवी, म्हणजे लाटेत नाक खुपसत नाही. बसायच्या जागेत तळाला आरपार भोकं असतात, त्यांतून आत आलेलं पाणी आपोआप निचरतं. तळ्यावर ती बुच मारून बंद केली तरी चालतात, समुद्रावर उघडीच ठेवायची. लांब होडी थोडी वेगानेही जाते, पण त्याचं फार कौतुक नको. पायांनी चालणारी कुठलीही कयाक दिवसभराच्या चालीने साधारण झपझप चालणाऱ्या माणसाइतकीच पळते. फरक कळतो तो वाऱ्याविरुद्ध परतताना.

आता यंत्राबद्दल. या मंडळींत दोन पंथ आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. पहिला पात्यांचा. १९९७ साली होबी या कंपनीने मिराज ड्राइव्ह काढला. होबी तेव्हा ओशनसाइडची, म्हणजे आमच्याच शेजारची. यात पेडल गोल फिरत नाही. जिन्याची पायरी दाबावी तसं एकेक पाऊल पुढे ढकलायचं, आणि होडीखालची दोन लवचीक पाती पेंग्विनच्या पंखांसारखी डावी-उजवीकडे हलतात. दुसरा पंथ पंख्याचा. सायकलसारखं गोल पेडल, खाली पंखा. ओल्ड टाउन ही मेन राज्यातली जुनी कंपनी, १८९८ पासून डोंग्या बनवते. तिच्या यंत्रात पेडलची एक फेरी झाली की पंखा दहापेक्षा थोडा जास्त वेळा फिरतो. नेटिव्ह वॉटरक्राफ्ट या कंपनीचंही याच जातीचं यंत्र आहे.

पंख्याचा मोठा गुण म्हणजे उलटं पेडल मारलं की होडी त्याच क्षणी मागे येते. तळ्यावर याला मोल आहे. बास गळाला लागला की तो सरळ लव्हाळ्यात घुसतो, आणि होडीला सोबत ओढतो. हातात गळ, पाय उलटे, बास बाहेर. पात्यांच्या जुन्या यंत्राला मागे येणं ठाऊकच नव्हतं. मिराज ड्राइव्ह निघाल्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी होबीने दोरी ओढली की पाती उलटी फिरतात अशी सोय केली. आता तीही मागे येतात, पण आधी दोरी शोधावी लागते. पंख्यावाले इथे हसतात.

पात्यांवाल्यांची हसायची पाळी ला होयाला येते. ला होयासमोर केल्पचं जंगल आहे. केल्प म्हणजे समुद्रातलं प्रचंड शेवाळ, तळापासून थेट पृष्ठभागापर्यंत वाढणारं, दिवसाला दोन फूटसुद्धा. यलोटेल नावाचा तगडा मासा या जंगलाच्या कडेने फिरतो, त्यामुळे तुम्हाला तिथेच जायचं असतं. आता पंखा आणि केल्प यांची गाठ बघा. पेडल एकदम जड होतं. तुम्ही जोर लावता, आणखी जड. खाली वाकून पंखा वर उचलता तर दांड्याला पिळदार, बुळबुळीत, तपकिरी दोर गुंडाळलेला, मधे हवेचे फुगे असलेला. सुरी काढायची, कापायचं, आणि तेवढ्यात वाऱ्याने तुम्हाला पुन्हा त्याच जंगलात ढकललेलं असतं. मी हे एका सकाळी चार वेळा केलंय. पात्यांना केल्प अडकतच नाही असं नाही, पण पाती गोल फिरत नाहीत, त्यामुळे ती दोर गुंडाळत नाहीत. एक पेडल पुढे दाबून धरलं की दोन्ही पाती होडीच्या बुडाला चिकटतात आणि केल्पवरून सरकून जाता येतं. उथळ पाण्यातही हाच उपाय.

म्हणजे पाती समुद्राला आणि पंखा तळ्याला, असं सरळ गणित? बरंचसं. पण ला होयाला पंख्याने मासे मारणारे पुष्कळ आहेत. ते जंगलाला वळसा घालतात, झालं. म्हणून मी मैत्रिणीला म्हटलं, यंत्रावरून भांडत बसू नकोस. आधी होडीचा सांगाडा, म्हणजे तिची लांबी-रुंदी आणि बूड ठरव, मग यंत्र. दुकानात मात्र उलटं होतं. विक्रेता पेडल मारून दाखवतो आणि आपण भुलतो.

आणि सांगाडा ठरवायच्या आधी ठरवायचं वजन. इथे माझी उंची कामाला येते. होबीची आउटबॅक पावणेतेरा फूट लांब, ३४ इंच रुंद, रिकामी साधारण ३८ किलो. खुर्ची, यंत्र, सुकाणू लावलं की ४५ च्या वर. त्यांचीच प्रो अँगलर १४ ही जवळपास पावणेचौदा फूट, ३८ इंच रुंद, आणि रिकामीच ५० किलोच्या पुढे. होडी म्हणून सुरेख आहे, तळ्यावर तर पलंगच. पण ती गाडीच्या टपावर चढवणार कोण? पहाटे नवरा झोपलेला असतो, आणि त्याला उठवलं तर मासे नकोत पण आवरा, असं होतं. मोठी कयाक घ्यायची तर मागे ट्रेलर लागतो, ट्रेलरला जागा लागते, आणि अपार्टमेंटवाल्यांनी तो विषयच काढू नये. दुकानात गेलात की विक्रेत्याला सांगा, मला ही माझ्या गाडीवर एकटीने चढवून बघायची आहे. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. किमती साधारण दीड हजार डॉलरपासून पाच हजार आणि वर जातात. एवढे पैसे देऊन होडी गॅरेजात पडून राहिली, अशी निदान तीन घरं मला माहीत आहेत.

ओघात एक सांगते. काही जण पेडलचा कंटाळा येऊन विजेची मोटर लावतात. कॅलिफोर्नियात मोटर लागली की होडी डीएमव्हीकडे, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याकडे, नोंदवावी लागते. विसरू नका.

समुद्रावर जाणाऱ्यांसाठी थोडं. पहिले चार-पाच दिवस इथल्या मिशन बे या खाडीत काढा. तिथे लाट नाही, पाणी मात्र खारं. तिथे होडी मुद्दाम उलटी करा, सरळ करा, पोटावर वर चढा, वळून बसा. हे दहा वेळा जमलं की मग ला होया. लाटांतून आत जाताना आणि बाहेर येताना यंत्र वर, सुकाणू वर, वल्हं हातात. हो, पेडल असलं तरी वल्हं लागतंच. किनाऱ्याला उतरताना होडी आणि वाळू यांच्या मधे उभं राहू नका, पाठून आलेली लाट ती होडी तुमच्या गुडघ्यांवर आणून आपटते. लाइफ जॅकेटचं म्हणाल तर इथला कायदा १३ वर्षांखालच्या मुलांना ते अंगात घालायला लावतो, मोठ्यांनी होडीत हाताशी ठेवलं तरी कायद्याला चालतं. मला चालत नाही. आणि निघताना राखीव क्षेत्राच्या हद्दी नकाशावर बघून ठेवा. ला होयाच्या कोव्हजवळ, म्हणजे तिथल्या छोट्या खाडीजवळ, मासेमारी पूर्ण बंद आहे, तिथून जाताना गळ बांधून ठेवायचे.

शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत इथे सांता आना वारे सुटतात, वाळवंटाकडून समुद्राकडे. मालवणात आम्हाला भीती दर्याकडून येणाऱ्या वाऱ्याची. इथे उलट. जमिनीकडून वारा असला की किनाऱ्याजवळ पाणी अगदी शांत दिसतं आणि नवखा माणूस खुश होऊन आत जातो. परत फिरताना कळतं. मग पात्यांची असो नाहीतर पंख्याची, पायांनी चालणारी होडी जागच्या जागी राहते. त्या दिवशी तळ्यावरही जाऊ नये, सरळ घरी मासे विकत आणावेत.

माशांवरून आठवलं. यलोटेल पकडायला इथले लोक आधी जिवंत बांगडा पकडतात. आपल्या बांगड्याचा चुलतभाऊच तो. त्याच्या नाकात गळ अडकवून त्याला पुन्हा पाण्यात सोडतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडूच आलं. तो तिरफळं घालून करायचा, त्याचं आमिष करायचं?

आता एकच होडी दोन्ही पाण्यांत नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, आणि ही गंभीर आहे. २००७ च्या जानेवारीत क्वागा नावाचा नखाएवढा शिंपला नेवाडा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या लेक मीड या जलाशयात सापडला, आणि त्याच वर्षी सॅन डिएगोच्या तलावांतही. तो पाइपांत, झडपांवर थरावर थर बसतो. २०२४ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्याच स्टॉकटन बंदरात गोल्डन शिंपला सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. हे होड्यांतल्या ओलाव्यातून एका तलावातून दुसऱ्यात जातात. म्हणून काही तलावांवर होडी तपासतात, थेंबभर पाणी दिसलं तरी परत पाठवतात. पेडलच्या कयाकमध्ये पाणी लपायला जागा भरपूर असते. यंत्राची खोबण, सुकाणूच्या दोऱ्यांच्या नळ्या, सांगाड्याचं पोट. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना होडी उलटी करून, सगळी झाकणं उघडी ठेवून, पूर्ण वाळवा. जाण्याआधी त्या तलावाचे नियम बघा, ते बदलत असतात.

खाऱ्या पाण्यावरून आलं की मात्र उलट, भरपूर गोडं पाणी हवं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत स्टीलचे स्क्रू असतात, तिथे मीठ बसलं की पांढरी भुकटी धरते आणि सहा महिन्यांत स्क्रू फिरत नाही. पात्यांच्या यंत्रात साखळी आणि तारा असतात, त्यांत वाळू शिरते. मी घरी आले की होडी नळीखाली धुते आणि यंत्र उचलून सरळ बाथटबमध्ये कोमट पाण्यात बुडवून ठेवते, तासभर. मग पुसून, वंगण लावून टॉवेलवर पसरते.

आमच्याकडे बाथटब एकच आहे. रविवारी संध्याकाळी माझी लेक आंघोळीला जाते, पडदा सरकवते आणि ओरडते, "आई, तुझा पेंग्विन काढ!"

नमस्कार.