दहा बाय बाराच्या खोलीतली रेल्वे

मंडळी, ‘घरातल्या छोट्या जागेत मॉडेल रेल्वे’ हा विषय जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न विचारतात: आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आता जागा कुठे उरलीय? खरंय. वाड्यांच्या वाटण्या झाल्या, माडीवरच्या खोल्यांत पार्टिशनं आली, बाकीचे फ्लॅटमध्ये गेले. म्हणून मी १० बाय १२ फुटांची खोली धरून बोलणार आहे, आणि त्या खोलीत पलंग, कपाट आणि घरच्यांचा हक्कही आहे असं समजून.

आधी हिशोब मांडू. एचओ स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७ मापाचं मॉडेल. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या डबे बनवणाऱ्या कारखान्याचा, नेहमीचा डबा साधारण २१.३ मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये २४.५ सेंटिमीटर. २४ डब्यांची गाडी लावलीत तर ती सहा मीटरच्या आसपास जाते. इंजिन खोलीत आणि शेवटचा डबा शेजाऱ्यांकडे! १:१६० चं एन स्केल घेतलं तरी सव्वातीन मीटर लागतात. वळणाचंही तेच. एचओच्या तयार रुळांची नेहमीची त्रिज्या १८ इंच, म्हणून वर्तुळाला तीन फुटांहून जास्त जागा हवी. यातूनच ४ बाय ८ फुटांच्या प्लायवूडची सवय पडली. पण हात आरामात पोचतो अडीच फूट. पलीकडच्या कोपऱ्यात डबा घसरला तर तो उचलायला चहूबाजूंनी दोन फुटांची वाट ठेवावी लागते, आणि ४ बाय ८ चे होतात ८ बाय १२. पलंग मग गच्चीवर.

माझं म्हणणं असं की छोट्या जागेत गाडीला पल्ला देता येत नाही, तेव्हा तिला काम द्यावं. आपल्या ग्वाल्हेरकरांना हे सांगायची गरज पडू नये. शिंद्यांच्या जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहातली चांदीची आगगाडी आपण सगळ्यांनी पाहिलीय. टेबलावर फिरते, पण नुसती फिरत नाही. ब्रँडी आणि सिगार पाहुण्यांपुढे नेते, सुरई उचलली की थांबते. कुठून निघायचं, कुठे थांबायचं, काय पोचवायचं, सगळं ठरलेलं. लेआउटचा, म्हणजे रूळ-स्टेशनांच्या मांडणीचा, आराखडा यापेक्षा वेगळा काय असतो?

ज्या माधवराव शिंदे महाराजांची ती हौस, त्यांच्याच काळात आपली नॅरोगेज रेल्वे झाली. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, दोन फूट; ग्वाल्हेर ते श्योपूर जवळपास २०० किलोमीटर. २०२० पासून ती बंद आहे, पण मॉडेल करणाऱ्याला याहून सोयीची रेल्वे सापडणार नाही. डबे आखूड, गाडी लहान, वळणं तीव्र. घोसीपुरा किंवा मोतीझीलसारखं स्टेशन तर फळीवर जवळजवळ पूर्ण बसतं. मोठं जंक्शन घेतलंत तर त्याची निम्मी लांबी कापावी लागते आणि ते कापलेलं डोळ्यांना कळतं. १:७६ प्रमाण धरा आणि ९ मिलिमीटरचा एन स्केलचा रूळ वापरा. हिशोबाने तो ६८४ मिलिमीटरचा गेज होतो, खऱ्या ६१० पेक्षा थोडा रुंद. मला तो चालतो, कारण एन स्केलच्या इंजिनाची चाकं-मोटर तशीच वापरता येते आणि वरची बॉडी पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची घरी बनते. ज्यांना एक मिलिमीटरही खटकतो त्यांनी खुशाल हाताने रूळ घालावेत.

आता फळी. भिंतीलगत, एक ते दीड फूट रुंद, छातीच्या उंचीवर. खाली पलंग तसाच राहतो. आणि तिच्यावर इंगलनुक घाला. ही अ‍ॅलन राइट या इंग्रज मॉडेलकाराची रचना, शंटिंगचं, म्हणजे डबे पुढेमागे करून हव्या क्रमाने लावण्याचं, कोडंच म्हणा. रूळ बदलायचे दोन सांधे, तीन सायडिंग, म्हणजे बाजूचे रूळ. एकीत पाच वाघिणी, म्हणजे मालडबे, मावतात, बाकी दोहोंत तीन-तीन. इंजिनाच्या बाजूचा रूळ इंजिन आणि तीन वाघिणींपुरताच, मुद्दाम. एकूण आठ वाघिणी. त्यांतल्या पाच, चिठ्ठ्यांत निघालेल्या क्रमाने, एका गाडीत लावायच्या. असे क्रम होतात ६,७२०. वाघीण दहा सेंटिमीटरची धरली तर सगळं चार फुटांत बसतं. लांबीत हात आखडू नका हं: अर्धी वाघीण सांध्यावर राहिली की कोडं सुटतच नाही.

गाडी कुठून आली हे दाखवायचं असेल तर फळीच्या टोकाला उचलता येणारी एक पट्टी जोडा, मागे गोदामाची भिंत. गाडी पट्टीवर घेतली, पट्टी उचलून कपाटात ठेवली. गाडी श्योपूरला गेली!

आपल्या हवेबद्दल थोडं. जानेवारीत पाच अंश, मेमध्ये पंचेचाळीस. निकेल-सिल्व्हरचा रूळ तेवढ्यात मीटरमागे अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढतो. हिवाळ्यात रूळ घालत असाल तर जोडांत फट ठेवा. धुळीसाठी आईची जुनी धोतराची फडकी पुरतात, आणि वर झाकायला चादर.

मागच्या टेबलावर चार फुटांची फळी लावून ठेवलीय, चिठ्ठ्या त्या डब्यात आहेत. मुलांना आधी येऊ द्या, पण सांधा बदलल्याशिवाय इंजिन ढकलायचं नाही, एवढं त्यांना सांगा.